रेवतीच्या बशा

रेवती, काल तुझ्या बशा गेल्या.

सकाळी टेम्पो आला. चेरीतालच्या आपल्या गल्लीत टेम्पो शिरत नाही हे तुला माहीत आहे. तो कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी उभा राहिला आणि पोरांनी एकेक खोकं हातांत धरून तिथवर नेलं. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. शुक्लाजींच्या बायकोनं गॅलरीतून विचारलं, "आंटी, सब जा रहा है?" मी म्हटलं, "हाँ, सब." तिला वाटलं असेल की मी आता रडीन. मलाही वाटलं होतं. शेवटचं खोकं गेलं, मी उठले, खुर्ची आत घेतली आणि कुकर लावला. वरण चांगलं झालं होतं. मी पोटभर जेवले. हे तुलाच सांगते आहे, कारण बाकी कोणाला सांगण्यासारखं नाही.

तू गेल्यापासून हे असंच चाललं आहे. दात काढून आल्यावर गाल कसा असतो? आपलाच असतो, हात लावला तर लागतो, पण चावला तरी कळत नाही. लोक भेटायला येतात, माझा हात हातात घेतात. मी त्यांना चहा देते. त्यांचेच डोळे भरून येतात, मग मी त्यांना पाणी देते. मागे एकीनं मला विचारलं की तुमची झोप कशी आहे. छान आहे, मी म्हटलं. ती जरा नाराज झाल्यासारखी वाटली.

तू आलीस तो दिवस मात्र मला सगळा आठवतो. तुझा आणि माझ्या मंदारचा घटस्फोट होऊन बराच काळ लोटला होता. मंदारनं बेंगळुरूला प्राजक्ताशी लग्न केलं होतं, त्यांना सई झाली होती. तुझी-माझी गाठ पडायचं काही कारण उरलं नव्हतं. माझ्या वाढदिवसाला तू फोन करायचीस, तेवढंच. आणि मग एका दुपारी तू सांगितलंस की मुंबईत तुझं ऑपरेशन झालं आहे, औषधं चालू आहेत, काम बंद केलं आहे. मग म्हणालीस, "आई, थोडे दिवस तुमच्याकडे येऊ का?" मी ये म्हटलं. मंदारला विचारलं नाही. तुझे आईवडील नव्हते, पण नाशिकला सुहासदादा होते. सख्ख्या भावाकडे न जाता तू माझ्याकडे काहून येऊन राहिली, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारायचं राहिलं.

दारात उभी राहून तू आधी हेच विचारलंस, "आता तुम्हाला काय म्हणू?"

"आतापर्यंत काय म्हणत होतीस?"

"आई."

"मग तेच म्हण. नवीन काहून शिकतेस?"

तू हसलीस. लग्नानंतर पहिल्यांदा जबलपूरला आली होतीस तेव्हाही 'काहून'लाच हसली होतीस. नाशिकच्या घरात वाढलेली, मुंबईत नाव काढलेली पोरगी. आमचं 'करून राहिलो' ऐकून तुला वाटायचं की आम्ही कोणतंच काम संपवत नाही, नुसतं करूनच राहतो. तेव्हा तुझे सासरे होते; हे तू त्यांना तोंडावर सांगितलं होतंस आणि ते, ज्यांनी खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी न हसता काढली, ते खोकला येईपर्यंत हसले होते. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ही टिकेल. मंदारजवळ टिकली नाहीस. तो भाग वेगळा.

तुझ्यामागून खोकी आली. टीव्हीवर बसून दुसऱ्यांच्या कपड्यांना नापास करणारी बाई आपल्या गल्लीत राहायला आली, हे तासाभरात पसरलं होतं. दारात मुली जमल्या. त्यांना वाटलं खोक्यांत साड्या असतील, घागरे असतील, हिरोइनीसाठी शिवलेलं काही असेल. तुझे कपडे एका सूटकेसमध्ये मावले होते. खोक्यांतून निघाल्या बशा, वाडगे, सुरया, कप आणि एक भली मोठी परात, जिच्यावर सोनेरी कडेचे लाल मासे होते. आणि हे सगळं कशात गुंडाळलेलं? तुझ्या दुकानातल्या कापडांत. ज्या रेशमासाठी मुंबईच्या बायका नंबर लावून थांबायच्या, ते तू चुरगाळून दोन बशांच्या मधे कोंबलं होतंस. मी पोस्टात नोकरी केलेली बाई, पार्सल बांधणं मला कळतं. तुझं पार्सल पाहून मी मान डोलावली होती. एकही तुकडा तुटला नव्हता.

संध्याकाळी शुक्लाजींची बायको म्हणाली, "दीदी इतनी बड़ी फैशन वाली हैं, और लाई हैं बर्तन."

मलाही त्याचं नवल होतं. पुढे कळलं की मासिकवाले तुझ्या कपड्यांइतकेच या बशांचे फोटो छापायचे. कुठकुठल्या जुन्या बाजारांतून, मेलेल्या पारश्यांच्या घरांतून, कलकत्त्याच्या लिलावांतून तू त्या जमवल्या होत्यास. काही चीनमधून जहाजानं आलेल्या, काही जपानच्या, काही इंग्लंडच्या. एका इंग्रजी ताटलीवर निळ्या रंगात वाघाची शिकार होती. ज्यानं ते चित्र काढलं त्यानं हत्ती कधी पाहिलेला नव्हता, हे मी पहिल्या नजरेत सांगितलं, कारण त्या हत्तीला गुडघे घोड्याचे होते. तू ती ताटली इतकी वर्षं जवळ ठेवली होतीस आणि ते तुझ्या लक्षात आलं नव्हतं. तू लगेच सुहासदादांना फोन करून सांगितलंस. मला उगाच लाजल्यासारखं झालं.

तुझी खोली, म्हणजे मंदारची खोली, त्या बशांनी भरली. त्याच्या पुस्तकांच्या फळ्यांवर त्या उभ्या राहिल्या. शनिवारी आपण त्या धुवायचो. प्लास्टिकचा टब, तळाला जुना टॉवेल, कोमट पाणी. मला बांगड्या काढायला लावायचीस. तू धुवायचीस, मी पुसायची. धुतलेली प्रत्येक बशी तू नखानं वाजवून पाहायचीस. चांगली असली तर ती वाजते, आत तडा असला तर नुसता ठप्प आवाज येतो. ठप्प वाजलेलीही तू तितक्याच जपून ठेवायचीस.

तुझं-माझं खरं बोलणं त्या टबाशी झालं. समोरासमोर बसून आपल्याला कधी जमलं नाही. एका शनिवारी मी विचारलं की अख्खं आयुष्य कपड्यांत गेलं, मग जीव बशांत काहून अडकला? तू बराच वेळ तीच बशी विसळत राहिलीस.

"कपडा मी आज केला, की पुढच्या मोसमात लोक म्हणतात, हे गेल्या वर्षीचं," तू म्हणालीस. "मी पण गेल्या वर्षीची होत गेले. हिला बघा. ही गेल्या वर्षीची आहे असं कोणी म्हणतं का?"

"दोनशे वर्षांपूर्वीची आहे."

"तेच तर. त्याच्यापुढे काही बोलायलाच उरत नाही."

औषधांनी केस गेले होते तेव्हाची ही गोष्ट. डोक्याला तू माझा एक जुना पंचा गुंडाळायचीस, आणि तो असा गुंडाळायचीस की मुली विचारायच्या, दीदी ये कौन सा स्टाइल है. तू त्यांना शिकवायचीस. निदान महिनाभर तरी गल्लीतल्या दोन मुली डोक्याला पंचा बांधून कॉलेजात गेल्या. मुंबईहून फोन आले की मात्र तू उचलत नव्हतीस. फोन माझ्या हाती देऊन मला खोटं बोलायला लावायचीस. "मॅडम घर पे नहीं हैं," मी सांगायची. समोरून विचारायचे, आप कौन? मी म्हणायची, मी इथं कामाला आहे. तू आतून हसायचीस.

आता मंदारचं लिहिते. याच्यावरच आपलं बिनसलं होतं आणि ते तसंच राहिलं.

तू इथं राहायला लागल्यापासून मंदारची माणसं आली नाहीत. तो एकटा यायचा, तेही जबलपूरला काही काम काढून, आणि दोन-चार तास बसून जायचा. तेवढा वेळ तू बाजूच्यांकडे जाऊन बसायचीस. दिवाळी ते नागपूरला प्राजक्ताच्या माहेरी करायचे. मी त्याला दोष देत नाही. आपल्या नवऱ्याची आधीची बायको ज्या घरात राहते, तिथं सुटीला जाऊन कोण राहील? पण सई मला फोनमध्येच मोठी होताना दिसत होती. तिचे दात पडले ते फोनवर, परत आले तेही फोनवर. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. तुला कळत होतं.

मग ती थंडी आठव. प्राजक्ताच्या बहिणीचं नागपूरला लग्न होतं. तिथून मंदार सईला घेऊन एका दिवसापुरता आला. तू त्या दिवशी बाहेर गेली नाहीस, अंगात तापच होता. खोलीचं दार लावून पडलीस. मंदार बाहेर माझ्याशी बोलत होता, त्याच्या ऑफिसचं काही सांगत होता, आणि सई कधी आत गेली ते आम्हाला कळलं नाही. कळलं ते आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा. मी पडद्याआडून पाहिलं. तुम्ही दोघी फरशीवर बसला होतात. तू तिला गुडघेवाला हत्ती दाखवत होतीस. ती हिंदीतून विचारत होती, तू मराठीतून सांगत होतीस, आणि दोघींचं छान चाललं होतं. मी परत येऊन बसले. मंदारनं विचारलं, "कोणाशी बोलून राहिली ती?" त्याला माहीत होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि तेवढ्यात फुटल्याचा आवाज आला.

आम्ही दोघंही धावलो. सईच्या पायाशी एक पातळ कप पडला होता, पक्ष्यांचा, ज्याच्यातून बोटं दिसायची तो. तिचं तोंड रडायला उघडलं होतं पण आवाज फुटला नव्हता. मंदार दारात थबकला. कोर्टातून बाहेर पडल्यावर तुम्ही दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर आला होतात. तुझ्या डोक्यावर पंचा, अंगात माझा स्वेटर. त्यानं तुझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"फार जुना होता का?" त्यानं विचारलं.

"होता तोवर होता," तू म्हणालीस. "आता फडा आण. आणि तिला उचल आधी, पायात काही नाहीये तिच्या."

त्यानं सईला उचलून पलंगावर ठेवलं आणि फडा आणायला गेला. 'फडा' तू अस्सल आमच्यासारखं म्हणालीस, झाडू नाही म्हणालीस. त्यानं वाकून झाडलं, तू सुपली धरलीस. मी सईजवळ उभी होते. तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. एवढंच पाहिलं की तुमच्या दोघांच्या हालचाली एकमेकांना माहीत होत्या. कोणी कधी सरकायचं, कोणी कधी थांबायचं, ते विचारावं लागत नव्हतं.

निघताना मंदार तुझ्या दारापाशी थांबून "येतो" म्हणाला. तू "बरं" म्हणालीस.

त्यानंतर आठवड्याभरात तू मला सांगितलंस की तू राइट टाउनला भाड्यानं फ्लॅट पाहिला आहेस. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. मला वाटलं तू थट्टा करतेस.

"सई इथं यायला हवी," तू म्हणालीस. "मी असेपर्यंत ती येणार नाही. मी रिक्षानं येईन रोज. पण रात्रीची नसेन."

मी म्हटलं, ज्याला यायचं तो येईल, दार उघडंच आहे.

"दार उघडं ठेवून माणसं येत नाहीत, आई. आत जागा लागते."

"जागा आहे."

"तुम्ही हट्टानं बोलताय."

मी म्हटलं, हो, हट्टानं बोलते आहे, आजारी माणसाला मी भाड्याच्या घरात टाकणार नाही, जगानं काही म्हणो. तू म्हणालीस की हे जगाचं नाही, हे तुमच्या नातीचं आहे. तुम्ही मला ठेवून घेताय आणि त्याची किंमत त्या पोरीकडून वसूल होते आहे. हे तू फार शांतपणे म्हणालीस. मी भांडी आपटली. त्या शनिवारी आपण बशा धुतल्या नाहीत. पुढच्या शनिवारी धुतल्या, पण न बोलता. तू वाजवत गेलीस, मी पुसत गेले.

फ्लॅट घेण्याआधीच तुझं दुखणं परत आलं. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही. तुझं बरोबर होतं की माझं, हे काही ठरलं नाही. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. अजूनही खात्री नाही.

शेवटचे महिने तू एकाच वाडग्यातून जेवलीस. निळ्या वेलीचा, काठाशी केसासारखा तडा गेलेला. स्टीलच्या वाटीचा तुला वास यायला लागला होता. त्यात मी तुला पातळ खिचडी द्यायची, ताक द्यायची, मग नुसतं पाणी. तू म्हणायचीस, यातून कोणी चिनी म्हातारा जेवला असेल, त्यालाही शेवटी पेजच मिळाली असेल. मला हसू यायचं नाही. तुला यायचं.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "पेशेंट से रिश्ता?" मी म्हटलं, बहू है मेरी. त्यानं पतीचं नाव विचारलं. मी मंदारचं सांगितलं. मग तो मोबाइल नंबर मागायला लागला आणि म्हणाला की पतीची सही लागेल. मी म्हटलं, मंदार आता तिचा पती नाही. त्यानं पेन खाली ठेवलं. "तो फिर आप कौन हुईं, माताजी?" उद्धटपणानं नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. मागे रांग होती. मी म्हटलं, तू काहीही लिही, भैया, मी सही करते. त्यानं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

ग्वारीघाटावर तुझं सगळं सुहासदादांनी केलं. मंदार विमानानं आला होता. तो पुढे आला नाही, त्याला पुढे यायला जागाही नव्हती. गुरुजी सांगत होते तसं सुहासदादा करत होते आणि मंदार मागे पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. नर्मदेला पाणी बरंच होतं. तो म्हणाला, "आई, मी इथं कोण म्हणून बसलोय?" मी म्हटलं, बस नुसता. माझ्याजवळ त्याच्यापेक्षा वेगळं काही नव्हतं. मी पण तशीच बसले होते.

मग बशांचं आलं. तुझ्यामागे त्या सुहासदादांच्या झाल्या आणि ते बरोबरच आहे. ते सज्जन माणूस आहेत. फोन करून, विचारून आले, सोबत मुंबईच्या लिलाववाल्यांची एक मुलगी होती. पातळ हातमोजे घातलेली, चुणचुणीत. ती दोन दिवस खोलीत बसून एकेक बशी उलटी करून पाहत होती, खाली टॉर्च धरत होती. तिच्याजवळ तुझा जुना फोटो होता, मासिकातला. काळी साडी, मागे भिंतभर बशा. ती फोटोतली बशी आणि हातातली बशी ताडून पाहत होती. मला दाखवला. मी आधी बशा ओळखल्या, हत्ती ओळखला, लाल मासे ओळखले. तुला ओळखायला एक क्षण जास्त लागला.

ती मला म्हणाली की मॅडमचं नाव आहे म्हणून लोक घेतील, पण त्यांच्या वापरातलं काही असेल तर त्याला वेगळीच मागणी येते. यातलं रोजच्या वापरात त्यांनी काय घेतलं होतं, काही आठवण असेल तर सांगा, आम्ही ती सोबत छापतो. सुहासदादाही माझ्याकडे पाहायला लागले. निळ्या वेलीचा वाडगा तिच्या हातातच होता. ती त्याच्या तड्यावरून बोट फिरवत होती.

मी म्हटलं, "काही वापरत नव्हती. नुसत्या ठेवलेल्या होत्या."

तिनं तो खोक्यात ठेवला. आता कोणी तरी तो घेईल, दिवाणखान्यात काचेमागे ठेवेल, आणि त्याला तो चिनी म्हणून माहीत असेल, तुझा म्हणून माहीत असेल, पण त्यातून तू शेवटचं पाणी प्यायलीस हे माहीत नसेल. ते मला असंच हवं होतं. सुहासदादा नंतर म्हणाले, "काकू, तुम्हाला आवडेल ते ठेवून घ्या ना एखादं." मी नाही म्हटलं. माझ्याकडे स्टील आहे, पुरतं. त्यांना वाईट वाटलं असावं. पण एक ठेवलं असतं तर मी रोज ते पुसत बसले असते, आणि शनिवारी काय केलं असतं?

तर त्या काल गेल्या. हे सगळं कालपर्यंतचं. आज दुपारी प्राजक्ताचा फोन आला, म्हणून लिहायला बसले.

ती सहसा सणालाच करते. मी चहा टाकत होते. तिनं तब्येत विचारली, मी छान म्हटलं. मग म्हणाली की सईला सुटी लागली की आम्ही तिघंही येतो, पंधरा दिवस राहतो, चालेल ना? मी चालेल म्हटलं. खोली रिकामी आहे, हे मी बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. रेवतीताई मला फोन करायच्या."

मला आधी नीट कळलं नाही. मी विचारलं, कोण?

तिनं सांगितलं. सई इथून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पहिला फोन केलास. कप फुटला त्यावरून सईला कोणी बोलू नका म्हणालीस. इथं ती रडली नाही पण घरी गेल्यावर तिला आठवेल, तेव्हा जवळ घ्या. आणि ती खरंच त्या रात्री रडली. मग प्राजक्तानं तुला फोन केला, हे सांगायला. मग तू केलास. मी गुरुवारी मंदिरात जायची तेव्हा तुमचं बोलणं व्हायचं. तू तिला पुष्कळदा म्हणालीस की तुम्ही इकडे या, मी दुसरीकडे राहते, असं प्राजक्तानं सांगितलं. "मीच नाही आले, आई," ती म्हणाली. "मला जमलं नसतं. त्यांना ते कळलं. मग त्यांनी तो विषय सोडला आणि तुमच्याबद्दल सांगायला लागल्या."

माझ्याबद्दल काय, मी विचारलं.

माझा गुडघा दुखत असला की मी चप्पल चावते म्हणते. माझ्या भाजीची तारीफ केली तर मला खरी वाटत नाही, दुसऱ्यांदा मागून घ्यायची. मी रिक्षावाल्याशी वाद घालत असले तर मधे पडायचं नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, मी सांगणार नाही. सीरियल मी हल्ली पाहत नाही, नुसती ऐकते.

मला राग आला, रेवती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काही तरी झालं. कानशिलं तापली. माझ्या घरात, मी देवाला गेले की माझ्यामागे, माझ्या गुडघ्यांबद्दल, माझ्या डोळ्यांबद्दल तुम्ही दोघी बोलून राहिल्या होत्या, आणि मी परत आले की तू दार उघडून विचारायचीस, प्रसाद काय आणला. मी प्राजक्ताला म्हटलं, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "मला एकदा विचारायचं तरी. मी काय सामान आहे का इकडून तिकडे द्यायला?"

ती म्हणाली, "त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही चिडाल."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. स्टूल ओढून ओट्याजवळ बसले.

"आणखी काय म्हणाली होती?"

"बरंच काही. सांगू?"

"सांग."

ती सांगत गेली. मधे एकदा तिनं विचारलं, "आई, ऐकताय ना?" मी पदरानं डोळे पुसत होते. तिला ते कळलं असावं, कारण ती थांबली नाही.